घरचे गोलंदाज, पाहुणे फलंदाज

मध्य रेल्वेनें बाहेर निघालें म्हणजे मुंबई शहराची हद्द मुलुंड स्टेशनाशीं संपते, पुढें ठाणें. ह्या शेवटच्या स्टेशनाच्या पश्चिमेस, पांच रस्त्याच्या आसपास, मी पुष्कळ वर्षें राहत आहें, आणि तेथील परिचित मंडळींत एका गोष्टीमुळें मी जरासा विक्षिप्त गणला जातों. रणजी करंडकाचा हंगाम सुरू झाला, कीं आमची सारी इमारत मुंबईच्या बाजूची असते आणि मी एकटा विदर्भाच्या बाजूचा. आमचें मूळ घर वऱ्हाडांतलें, एवढेंच त्याचें कारण. ज्या संघानें बेचाळीस वेळां करंडक जिंकला त्याच्या घरीं बसून तीन वेळां जिंकणाऱ्याची बाजू घेणें हें शहाणपणाचें काम नव्हे, हें मला ठाऊक आहे. पण पक्षपाताचा एक फायदा असा, कीं ज्याच्यावर आपला जीव असतो त्याचा जमाखर्च आपण बारकाईनें पाहतों. तोच जमाखर्च आज मी श्रोत्यांपुढें मांडणार आहें. लहान संघानें आपल्या अकरा जागा कशा भराव्या, कोणाला बाहेरून आणावें आणि कोणाला जाऊं द्यावें, असा हा प्रश्न आहे. आणि त्याचें जें उत्तर विदर्भानें गेल्या दहा वर्षांत दिलें, तें बहुतेक ठिकाणीं मला पटतें, एक-दोन ठिकाणीं पटत नाहीं.

प्रथम लहान कोणाला म्हणावयाचें, हें ठरवूं या. विदर्भाचे जिल्हे अकरा. नागपुराबाहेर जामठें येथें २००८ सालीं उघडलेलें भव्य क्रीडांगण आहे. शहरांत सिव्हिल लाइन्सचें जुनें मैदान आहेच. तेव्हां जमीन, लोकवस्ती किंवा पैसा ह्या मापानें हा संघ कांहीं कंगाल नाहीं. तो लहान आहे तो दुसऱ्याच मापानें. मुंबईचा एखादा सलामीचा फलंदाज दुखापतीनें घरीं बसला, तर त्याच्या जागीं उभे राहतील असे चार तरुण कांगा लीगच्या चिखलांत तयार असतात. विदर्भाचा तसाच एक फलंदाज गेला, तर ती जागा कित्येक हंगाम रिकामी राहते. म्हणजे तेथें कोणी तरी खेळतो, पण जागा रिकामीच. शिलकी माल ज्याच्या कोठारांत नाहीं तो लहान, अशी माझी व्याख्या आहे.

हा शिलकी माल कोठून येतो तें मुलुंडच्या फलाटावर दिसतें. सकाळच्या पहिल्या गाड्यांना पाठीवर स्वतःहून मोठी पिशवी घेतलेलीं मुलें चढतात आणि आझाद मैदानाकडे जातात. डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे लहानपणीं ह्याच मार्गानें जात असे. लोहमार्गावरच्या तीसचाळीस स्टेशनांचीं मुलें एकाच मैदानावर येऊन एकमेकांशीं भिडतात, आणि त्यांतून जो उरतो तो पुरता भाजून निघालेला असतो. विदर्भांत अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या मुलाला नागपूर हें सकाळच्या गाडीनें जाऊन संध्याकाळीं परतण्याचें गांव नव्हे. त्याला घर सोडावें लागतें. आणि एकदां घर सोडल्यावर तो नागपुरासच थांबेल, पुढें जाणार नाहीं, ह्याची खात्री कोण देणार?

तशी खात्री पूर्वींहि नव्हती. हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी संघाचे कर्णधार सी. के. नायडू हे १८९५ सालीं नागपुरास जन्मले. १९२६ सालीं मुंबईच्या जिमखान्यावर एम. सी. सी. च्या संघाविरुद्ध अकरा षटकार ठोकून त्यांनीं १५३ धांवा काढल्या ही गोष्ट मुंबईकर अजून सांगतात. पण तोंवर ते इंदूरचे झाले होते. १९२३ सालीं होळकर दरबारानें त्यांना बोलावून घेतलें, सैन्यांत हुद्दा दिला, आणि नागपूरचा नायडू इंदूरचा कर्नल झाला. १९३४ सालीं रणजी करंडकाची स्पर्धा सुरू झाली तेव्हां मध्यप्रांत व वऱ्हाड ह्या नांवानें नागपूरचा संघ तींत उतरला खरा, परंतु त्याचें सर्वांत मोठें रत्न दुसऱ्याच्या मुकुटांत होतें.

संस्थानिकांची ती पद्धति अगदीं साधी होती: जो चांगला दिसेल त्याला नोकरी द्यावी. नवानगरनें १९३७ सालीं करंडक जिंकला तो ससेक्सच्या बर्ट वेन्स्ले ह्या इंग्रज व्यावसायिकाच्या नेतृत्वाखालीं. होळकरांच्या संघांत नायडूंच्या जोडीस मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर असे एकाहून एक खेळाडू जमले. १९४५ च्या मार्चांत तर महूच्या छावणींत असलेला डेनिस कॉम्प्टन मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यांत होळकरांकडून उतरला आणि त्यानें नाबाद २४९ धांवा काढल्या. तो सामना होळकर हरले, पण १९४६ ते १९५३ ह्या अवधींत त्यांनीं चार वेळां करंडक नेला. मग दरबार गेला, हुद्दे गेले, आणि तो संघहि गेला. त्या प्रदेशाच्या नांवावर पुन्हां करंडक लागण्यास २०२२ साल उजाडावें लागलें. सुमारें सत्तर वर्षें! विकत आणलेल्या वैभवाचा हिशेब असा असतो. आणि म्हणूनच पाहुणे खेळाडू ह्या विषयावर बोलतांना माझ्या मनांत आधीं इंदूरचें चित्र उभें राहतें.

विदर्भ ह्या नांवाचा संघ १९५७-५८ च्या हंगामापासून खेळतो. त्यापुढील अर्ध्या शतकाची कथा मी थोडक्यांत उरकतों, कारण ती सांगण्यांत मलाहि गोडी नाहीं. साखळींत चार सामने, त्यांपैकीं दोन अनिर्णित, दोन पराभूत, आणि वसंत ऋतूच्या आंत हंगाम समाप्त, असा तो क्रम होता. ज्याच्यांत कांहीं विशेष असे तो बाहेर पडे; प्रशांत वैद्य हिंदुस्थानच्या एकदिवसीय संघांत आला तेव्हां तो बंगालकडून खेळत होता. विदर्भाकडून खेळून कसोटीपर्यंत गेलेला पहिला खेळाडू उमेश यादव, आणि त्यालाहि २०११ साल लागलें. नागपूरजवळच्या कोळशाच्या खाणींत नोकरी करणाऱ्या गृहस्थाचा हा मुलगा विशीला पोंचेपर्यंत चामड्याच्या चेंडूनें खेळलाहि नव्हता. असा मुलगा सांपडला ह्याचा आनंद मानावा, कीं असे आणखी किती सांपडलेच नाहींत ह्याचा विचार करावा, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

आतां नियम सांगतों. नियामक मंडळ प्रत्येक संघाला हंगामांत तीनच पाहुणे खेळाडू घेऊं देतें, आणि त्या खेळाडूनें आपल्या मूळ संघटनेचा ना-हरकत दाखला आणावा लागतो. हा नियम लहान संघांच्या सोयीसाठींच आहे; मुंबईला पाहुण्यांची गरज क्वचित्. तेव्हां तीन जागांचें काय करावयाचें, हा प्रश्न उरतो. कांहीं संघांनीं नांवाला भुलून तीन वयस्क तारे आणले, तिकिटांच्या खिडकीवर चार दिवस गर्दी केली, आणि हंगामाअखेर जेथें होते तेथेंच राहिले.

विदर्भानेंहि आधीं चाचपडून पाहिलें. तामिळनाडूचा सुब्रमण्यम् बद्रीनाथ आला, त्यानें नेतृत्व केलें; कर्नाटकाचा गणेश सतीश आला आणि टिकला. मग २०१५ सालीं, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, वासिम जाफर आला. मुंबईकडून खोऱ्यानें धांवा काढलेला हा माणूस. पण तेथील तरुणांची रांग त्याच्या पाठीशीं येऊन उभी राहिली होती. दोन वर्षांनीं, २०१७ सालीं, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. त्यांची हकीकत तशीच: त्यांच्या हाताखालीं मुंबईनें २०१६ सालीं करंडक जिंकला, पुढल्या सालीं अंतिम सामन्यांत गुजरातकडून हार खाल्ली, आणि मुंबईनें त्यांना निरोप दिला. मुंबईस अंतिम सामना हरणें हा अपराध वाटतो. विदर्भ तोंपर्यंत एकाहि अंतिम सामन्यास पोंचला नव्हता! एकाच्या घरांत जें अडगळींत टाकलें गेलें तें दुसऱ्याच्या घरांत देवघरांत बसलें.

ह्याच युक्तीचें एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंत आहे. तिकडे बेसबॉल म्हणून चेंडूफळीचा एक खेळ लोकांना वेड लावतो. त्यांतील न्यूयॉर्कसारख्या श्रीमंत संघांशीं गांठ असलेला ओकलंडचा संघ २००१ च्या अखेरीस आपले तीन उत्तम गडी गमावून बसला. त्यांतला मोठा फटकेबाज जेसन जियांबी न्यूयॉर्कनेंच नेला. ओकलंडचे व्यवस्थापक बिली बीन ह्यांनीं तसाच दुसरा जियांबी शोधला नाहीं. तेवढा पैसाच नव्हता. बाजारांत ज्या गुणाला भाव नाहीं असा गुण त्यांनीं हुडकला. डोळ्यांत भरेल असा फटका न मारतां, धीर धरून, वाईट चेंडू सोडून देऊन कसें तरी पहिल्या थांब्यावर पोंचणारे खेळाडू त्यांनीं स्वस्तांत घेतले. २००२ सालीं हा संघ ओळीनें वीस सामने जिंकला आणि हंगामांत एकूण १०३, म्हणजे न्यूयॉर्कच्या संघाइतकेच. मायकेल लुईस ह्यांनीं त्यावर पुढल्या वर्षीं लिहिलेलें पुस्तक जगभर वाचलें गेलें. परंतु त्या कथेची शेवटची ओळ फारसे लोक सांगत नाहींत: त्या युक्तीनें ओकलंडला जगज्जेतेपद मिळालें नाहीं, आणि २०२४ च्या हंगामानंतर तो संघ ओकलंड गांव सोडूनच गेला. तिकडे प्रत्येक खेळाडू पाहुणा आणि संघहि पाहुणा. आमच्याकडे संघ तरी गांवाचा राहतो.

विदर्भानें बाजारांत ज्याला भाव नव्हता असें जें हुडकलें तें म्हणजे वय. सदतीस वर्षांच्या फलंदाजाला कोणी विचारीत नाहीं. पण चार दिवसांच्या सामन्यांत खेळपट्टीवर पाय रोवून सहा तास उभें राहण्याची विद्या त्याच वयांत पक्व होते. जाफरनें चाळीस वर्षें पुरीं करून महिना झाला नाहीं तोंच, मार्च २०१८ मध्यें, इराणी करंडकाच्या सामन्यांत नागपुरास २८६ धांवा काढल्या. त्यापुढील रणजी हंगामांत त्याच्या धांवा झाल्या १०३७. जें वय मुंबईला ओझें वाटलें तें विदर्भाला भांडवल झालें.

आतां मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतों. श्रोत्यांपैकीं ज्यांना आंकड्यांची आवड असेल त्यांनीं विदर्भाच्या तिन्ही विजयांच्या याद्या काढून पाहाव्या. २०१७-१८ चा अंतिम सामना दिल्लीशीं झाला. विदर्भाच्या अकरांत पाहुणे दोन, जाफर आणि सतीश, दोघेहि फलंदाज. बळी कोणीं घेतले? पहिल्या डावांत रजनीश गुरबानीनें ५९ धांवांत सहा, त्यांत ओळीनें तीन चेंडूंवर तीन. रणजीच्या अंतिम सामन्यांत असें त्यापूर्वीं एकदांच, १९७३ सालीं, तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमनें केलें होतें. गुरबानी हा स्थापत्यशास्त्राचा पदवीधर, विदर्भांतच वाढलेला. दुसऱ्या डावांत अक्षय वखरेनें चार. वखरेहि घरचा. पुढल्या वर्षीं सौराष्ट्राविरुद्ध आदित्य सरवटेनें सामन्यांत अकरा बळी घेतले आणि चेतेश्वर पुजारासारख्या अभेद्य फलंदाजाला दोन डावांत मिळून एका धांवेवर परत पाठविलें. सरवटे नागपूरचा. २०२४-२५ मध्यें पाहुणे करुण नायर आणि ध्रुव शौरी. पुन्हां दोघेहि फलंदाज. आणि त्या हंगामांत हर्ष दुबे ह्या बावीस वर्षांच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानें ६९ बळी घेतले. एका रणजी हंगामांत एवढे बळी तोंवर कोणींहि घेतले नव्हते. दुबेहि घरचाच.

तेव्हां विदर्भाचें सूत्र, कोणीं तें कागदावर लिहिलें असो वा नसो, असें दिसतें: फलंदाज पाहुणा चालेल, गोलंदाज घरचा पाहिजे. हें सूत्र मला बरोबर वाटतें, आणि त्याचें कारण भावनेंत नसून खेळाच्या रचनेंतच आहे.

पाहुणा फलंदाज अकरांतील एक जागा अडवितो, त्याहून अधिक कांहीं नाहीं. तो खेळत असतांना दुसऱ्या टोकाला घरचा मुलगा खेळतच असतो, किंबहुना त्याला अधिक चांगला खेळतां येतो. पण षटकें मोजकीं असतात. दिवसाला नव्वद. एखादा अनुभवी पाहुणा गोलंदाज आणला, कीं कर्णधार अडचणीच्या वेळीं चेंडू त्याच्याच हातीं देणार; तीस षटकें तो टाकणार; आणि तीं तीस षटकें कोणा तरी वीस वर्षांच्या मुलाच्या तोंडचीं काढलेलीं असणार. गोलंदाज सरावाच्या जाळ्यांत तयार होत नाहीं. दुपारीं चार वाजतां, चेंडू जुना झालेला, समोर दोन फलंदाज ठाण मांडून बसलेले, अशा वेळीं टाकलेल्या षटकांनीं तो तयार होतो. तीं षटकें ज्यानें पाहुण्याला दिलीं त्यानें पुढल्या पांच वर्षांचें बियाणें खाल्लें. शिवाय सामना जिंकण्यास वीस बळी लागतात, म्हणजे निदान चार गोलंदाज लागतात. तीन पाहुण्यांच्या नियमांत चार गोलंदाज विकत आणतां येत नाहींत. आणि एक अगदीं शारीरिक कारण: चाळिसाव्या वर्षीं फलंदाज खेळूं शकतो, वेगवान गोलंदाजाचे गुडघे त्याच्या आधींच राजीनामा देतात.

ह्यावर कोणी केरळाचें नांव घेईल, आणि तें घ्यावेंच. केरळानें ह्याच्या उलट केलें. मध्यप्रदेशाचा जलज सक्सेना हा फिरकी गोलंदाज त्यांनीं २०१६ सालापासून आपल्याकडे ठेवला आणि २०२४ सालीं विदर्भाचाच आदित्य सरवटे नेला. ह्या दोघांसह केरळ २०२५ च्या फेब्रुवारींत इतिहासांत प्रथमच अंतिम सामन्यास पोंचला. मग माझें सूत्र खोटें पडलें काय? एका हंगामाच्या दृष्टीनें पाहिलें तर केरळाचा निर्णय शहाणपणाचा ठरला, हें मान्य करावें लागतें. परंतु २०२५ च्या हंगामास सक्सेना महाराष्ट्राच्या संघाकडे गेला. जो गोलंदाज नऊ वर्षें एका टोकानें चेंडू टाकीत होता त्याच्या सावलींत दुसरें झाड किती वाढलें, हा प्रश्न त्या दिवशीं केरळाच्या निवड समितीपुढें उभा राहिला असणार. विदर्भापुढें सरवटे गेला तेव्हां तो राहिला नाहीं, कारण दुबे तयार होता.

सरवटेचें जाणें मात्र मला मनापासून लागलें. चौतीस वर्षांचा, दोन करंडक जिंकून देणारा, नागपुरांत जन्मलेला गोलंदाज. आणि तो जामठ्याच्या मैदानावर दुसऱ्याचें निशाण लावून अंतिम सामना खेळतो! फलंदाजींत त्यानें ७९ धांवा काढून आमचा जीव टांगणीला लावला. आमच्या शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ, पक्के मुंबईकर, मला म्हणाले, “अहो, घरचा माणूस घालविलात, आतां भोगा.” मीं त्यांना विचारलें, “मुंबईनें जाफर घालविला तेव्हां आपण काय म्हणालां होतां?” ते हंसले आणि म्हणाले, “आमच्याकडे तसे पुष्कळ.” हाच तर सारा भेद आहे. ज्याच्याकडे पुष्कळ आहेत त्याला निरोप देणें सोपें असतें. विदर्भानें हिशेबानें पाहतां योग्य तेंच केलें: एकाच धाटणीचे दोन डावखुरे फिरकी गोलंदाज, त्यांत एक बाविशीचा आणि एक चौतिशीचा, दोघांना पुरेशीं षटकें देणें अशक्य. तरुणाला षटकें द्यावयाचीं तर वडील भावाला दार उघडून देणेंच भाग होतें. ह्या बाबतींत मी निवड समितीच्या बाजूचा आहें, आणि तरीहि ७९ व्या धांवेवर तो बाद झाला तेव्हां टाळी वाजवावी कीं वाजवूं नये, हें मला कळेना.

आतां करुण नायरविषयीं. कसोटींत एका डावांत तीनशे धांवा काढलेला हा फलंदाज. २०१६ सालीं इंग्लंडविरुद्ध त्यानें तो पराक्रम केला, आणि सहा वर्षांनीं त्याच्या स्वतःच्या कर्नाटकाच्या संघांतहि त्याला जागा उरली नाहीं. विदर्भानें २०२३ सालीं त्याला जागा दिली. पुढें काय झालें तें सर्वांना ठाऊक आहे: २०२४-२५ च्या विजय हजारे करंडकांत आठ डावांत ७७९ धांवा, त्यांत पांच शतकें, आणि बाद केवळ दोन वेळां, मग रणजींत ८६३, अंतिम सामन्यांत ८६ आणि १३५, आणि पुढल्या जूनमध्यें इंग्लंडांत पुन्हां हिंदुस्थानचा कसोटी संघ. ह्या धांवा विदर्भाला लाभल्या, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण माझ्या वहींत त्याच्या नांवापुढें ह्याहून मोठी एक नोंद आहे. केरळाविरुद्ध पहिल्या डावांत विदर्भाचे तीन गडी २४ धांवांत गेले होते. तेव्हां दानिश मालेवार हा एकवीस वर्षांचा, पहिलाच हंगाम खेळणारा मुलगा एका टोकाला होता आणि नायर दुसऱ्या टोकाला येऊन उभा राहिला. त्या दोघांनीं २१५ धांवांची भागी केली. नायर ८६ वर धांवबाद झाला आणि मालेवार १५३ पर्यंत गेला. पाहुण्याचें मोल ह्या वजाबाकींतून काढावें. नायर विदर्भाचा कायमचा नव्हता. परंतु त्या दुपारीं मालेवार जें शिकला तें विदर्भाचें कायमचें झालें.

ह्याच न्यायानें पाहुणा प्रशिक्षक हा सर्वांत किफायतशीर पाहुणा होय. तो अकरांतील एकहि जागा अडवीत नाहीं. पंडितांनीं दोन हंगामांत दोन करंडक दिले, कडक शिस्तीची संवय लावली, आणि ते गेले. पुढें मध्यप्रदेशाला २०२२ चा करंडक मिळाला तो त्यांच्याच हाताखालीं. विदर्भानें २०२४-२५ चा करंडक जिंकला तो उस्मान गनी ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं, आणि गनी हे विदर्भाचेच जुने खेळाडू. बाहेरचा गुरु आणून घरचा गुरु तयार झाला, असा त्याचा अर्थ मी करतों. आमच्या इमारतींत हा अर्थ कोणास मान्य नाहीं; ते म्हणतात, पंडितहि मुंबईचे आणि जाफरहि मुंबईचा, तेव्हां तुमचा पहिला करंडक खरा आमचाच. त्यांना उत्तर म्हणून मी कर्णधार फैज फझलच्या त्या हंगामांतील ९१२ धांवा दाखवितों. फझल नागपूरचा.

जाफरचें स्थान रिकामें झालें, सतीशचें झालें, आणि २०२५ सालीं नायर कर्नाटकास परत गेला तेव्हां त्याचेंहि झालें. अशा प्रत्येक वेळीं नवा पाहुणा शोधण्याचा मोह होतो. येथें मात्र माझें मत निवड समितीपेक्षां कठोर आहे. तीन जागांची मुभा असली तरी फलंदाजींत पाहुणा एकच असावा, आणि तो तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकावर असावा, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंस घरचीं मुलें राहतील. दुसरी जागा घरच्या मुलाला द्यावी आणि पुऱ्या हंगामापुरती द्यावी. दोन डावांत अपयश आलें, कीं बाहेर बसविणें, ही लहान संघांची जुनी खोड आहे. भीतीनें ती जडते. यश राठोडनें २०२४-२५ मध्यें ९६० धांवा काढल्या आणि त्या हंगामांत साऱ्या देशांत तो अग्रस्थानीं राहिला. मधल्या फळींतला हा डावखुरा फलंदाज घरचाच आहे. म्हणजे धांवाहि घरीं पिकतात. रोपाला हंगामभर पाणी मात्र द्यावें लागतें. पार्थ रेखडेचें उदाहरण तर गमतीचें आहे. त्याच हंगामांत उपांत्य सामन्यांत ह्या नवख्या फिरकी गोलंदाजानें मुंबईचे रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे हे तिघे एकाच षटकांत घरीं पाठविले, आणि अंतिम सामन्यांत तोच मुलगा फलंदाजीस सलामीला उतरला! अशी हिंमत मोठ्या संघाला करावी लागत नाहीं आणि म्हणून तो ती करीतहि नाहीं.

राहतां राहिली यष्टिरक्षकाची जागा. अमरावतीचा जितेश शर्मा हा वीस षटकांच्या खेळांत नांवाजलेला यष्टिरक्षक २०२५ सालीं बडोद्यास गेला. त्याचें कारण उघड आहे. चार दिवसांच्या सामन्यांत यष्टीमागें कर्णधार अक्षय वाडकर स्वतः उभा राहतो. दिल्लीविरुद्धच्या त्या पहिल्या अंतिम सामन्यांत १३३ धांवा त्याच्याच. दुसरा करंडकहि त्यानें पाहिला, आणि तिसरा तर कर्णधार म्हणून उचलला. अशा माणसाला बाजूस सारून जितेशला घ्यावें असें कोणींहि म्हटलें नसतें. मीहि म्हणत नाहीं. परंतु वाडकर १९९४ चा. त्याच्यामागें कोण, हा प्रश्न तो तिशीच्या पलीकडे गेल्यावर विचारून चालणार नव्हतें, तो आधीं विचारावयास हवा होता. साखळींतल्या एखाद्या निकालाच्या दृष्टीनें निर्जीव झालेल्या सामन्यांत वाडकरनें निव्वळ फलंदाज म्हणून खेळावें आणि हातमोजे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला द्यावे, एवढेंच करावयाचें आहे. ह्या जागेवर पाहुणा आणूं नये. दुबेचा कोणता चेंडू वळतो आणि कोणता सरळ येतो, हें फलंदाजाच्या आधीं यष्टीमागच्या माणसाला कळावें लागतें, आणि तें कळण्यास त्याच्यासह तीन-चार हंगाम उन्हांत काढावे लागतात.